मध्यम आकाराची कौटुंबिक एसयूव्ही कशी पारखावी: मागच्या सीटपासून सुरुवात

शोरूममध्ये गाडी चालकाच्या जागेवरून दाखवली जाते. विक्री प्रतिनिधी आधी तेच दार उघडतो, मोठा पडदा सुरू करतो, छत सरकवून दाखवतो आणि ग्राहकाला स्टिअरिंगवर बसवतो. घरी आल्यावर मात्र त्याच गाडीचा हिशोब मागच्या सीटवर बसणारी माणसे मांडतात: गुडघे दुखणारी आई, उंच बांध्याचे वडील आणि घाटात मळमळणारे लेकरू. बारा-पंधरा लाख रुपये मोजून आणलेली गाडी त्यांना सोसत नसेल, तर तिच्या बाकीच्या गुणांचा घराला फारसा उपयोग होत नाही.

मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो. पहिली एसयूव्ही घेतली तेव्हा मी एकटाच शोरूममध्ये गेलो, दहा मिनिटे गाडी चालवली आणि आगाऊ रक्कम भरून आलो. गाडी दारात आली त्या दिवशी आईने मागच्या दारापाशी पदर सावरला, एक पाय उचलला आणि ती तशीच थांबली. गाडीचा उंबरठा तिच्या गुडघ्याच्या वर होता आणि धरायला हाताशी काहीच नव्हते. कशीबशी आत बसल्यावर ती म्हणाली, "पाय खाली टेकत नाहीत रे, मांड्या लोंबकळतात." पुढची चार वर्षे मंगेशीला जायचे झाले तरी ती शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीतून जाणे पसंत करत असे. दुसरी गाडी घेताना मी तीन आठवडे घेतले आणि प्रत्येक वेळी घरातल्या माणसांना सोबत नेले. त्या तीन आठवड्यांत जी पद्धत हाती आली, ती पुढे क्रमाने मांडली आहे.

पायरी १ : आधी वही, मग शोरूम

कोणत्याही गाडीचे माहितीपत्रक हातात घेण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत रोजच्या प्रवासाची नोंद करावी. किती किलोमीटर झाले, गाडीत कोण होते, रस्ता कसला होता आणि सामान काय होते, एवढ्या चार गोष्टी पुरेत. आमच्या वहीतून असे दिसले की वर्षाला सुमारे १२,००० किमी होतात, त्यातल्या बहुतेक फेऱ्या आठ-दहा किलोमीटरच्या असतात, आठवड्यातून तीनदा मागे तीन माणसे बसतात आणि महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला जाणे होते. ही नोंद नसती तर मी पुन्हा एकदा "कधीतरी लांबच्या सहलीला लागेल" म्हणून डिझेल गाडी घेतली असती.

पायरी २ : आकार, इंधन आणि गिअरबॉक्स

मध्यम एसयूव्ही म्हणजे साधारण ४.२ ते ४.४ मीटर लांबीची, पाच जणांची गाडी. ह्युंदाई क्रेटा, किआ सेल्टॉस, मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर, होंडा एलेव्हेट, फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा कुशाक आणि टाटा कर्व्ह ही या वर्गातली ओळखीची नावे आहेत. चार मीटरच्या आतली लहान एसयूव्ही आणि ही, यांच्यातला करातला फरक समजून घेतला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार, चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाडीवर ५ टक्के. म्हणजे वीस-चाळीस सेंटिमीटर जास्तीच्या लांबीसाठी आपण मोठा कर मोजतो. ती लांबी मागच्या सीटच्या आणि सामानाच्या जागेत उतरलेली दिसत नसेल, तर लहान गाडी घेऊन उरलेले पैसे बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंधनाचा निर्णय वहीनेच करावा. आताच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावी लागते. तिस्कापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून शाळेपर्यंत चालणाऱ्या गाडीत तो फिल्टर तुंबतो आणि गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. रोज फोंडा ते वास्को किंवा डिचोली ते मडगाव जाणाऱ्याला मात्र डिझेल आजही परवडते.

स्ट्राँग हायब्रिडचे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही चाके फिरवते अशा गाडीचे, गणित मांडून पाहावे. साधी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १५ किमी आणि हायब्रिड २२ किमी देते असे धरले, तर १२,००० किमीला अनुक्रमे ८०० आणि सुमारे ५४५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव ९६ रुपये धरल्यास वर्षाला साधारण २४,५०० रुपये वाचतात. दोन्ही गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला बारा वर्षे लागतील. वर्षाला २५,००० किमी फिरणाऱ्याला तोच फरक सहा वर्षांच्या आत भरून मिळतो. आपले आकडे घालून हा हिशोब कागदावर करावा आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या मायलेजवर विसंबू नये.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगतो. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन्ही प्रकार गर्दीत सरकताना मऊ चालतात. ड्राय क्लचचा (तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा) ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर चपळ वाटतो, पण पर्वरीसारख्या कोंडीत चढावर गाडी इंच-इंच पुढे घेताना त्याचा क्लच तापू शकतो. आपला रोजचा रस्ता कोंडीचा असेल तर हा प्रकार टाळलेला बरा. ज्यांचे स्वतःचे घर आणि अंगण आहे, त्यांनी विजेवरच्या गाडीचाही विचार करावा, कारण चार्जर घरच्या मीटरवर बसवता येतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे तितके सोपे नाही.

पायरी ३ : मागच्या सीटवर अर्धा तास

आरामाची पारख करायला घरातली सर्वांत उंच, सर्वांत ठेंगणी आणि सर्वांत वयस्क व्यक्ती सोबत न्यावी. सोबत मोजपट्टी न्यावी आणि संकोच न करता ती वापरावी.

आधी चढणे-उतरणे पाहावे. सीटची उंची वयस्क माणसाच्या बसत्या भागाच्या पातळीला जितकी जवळ, तितके चढणे सोपे, कारण मग खाली वाकावे लागत नाही आणि वर उडीही मारावी लागत नाही. जमिनीपासून उंबरठ्याची उंची मोजावी, उंबरठा किती रुंद आहे ते पाहावे आणि दार किती अंशात उघडते तेही पाहावे. रुंद उंबरठ्यावरून उतरताना पावसाळ्यात साडीचा किंवा धोतराचा काठ चिखलाने माखतो. काही गाड्यांत दाराचाच खालचा भाग उंबरठा झाकतो, त्यामुळे तो कोरडा राहतो. ही बारीक सोय माहितीपत्रकात सापडत नाही, पण जून ते सप्टेंबर रोज उपयोगी पडते. नव्या गाडीच्या दुकानात आईने पहिल्यांदा छतालगतची मूठ धरली, मग पाय आत घेतला आणि कोणाचाही हात न धरता बसली. तिथेच त्या गाडीला माझ्या वहीत पहिली खूण मिळाली.

बसल्यावर मांडीला आधार मिळतो का ते पाहावे. सीटची बैठक आखूड असेल किंवा तळ उंच असेल, तर गुडघे वर येतात आणि सगळा भार कंबरेवर पडतो. दोन तासांच्या प्रवासात हे जाणवते, पाच मिनिटांत जाणवत नाही. म्हणून किमान अर्धा तास बसून राहण्याचा आग्रह धरावा. पुढची सीट घरातल्या उंच माणसाच्या सोयीने मागे सरकवून मगच मागच्या गुडघ्यांची जागा मोजावी, कारण दुकानातली पुढची सीट बहुधा पुढे ओढलेली असते. पुढच्या सीटखाली पाऊल जाते का तेही पाहावे. सीट सर्वांत खाली घेतली की काही गाड्यांत पाऊल अडकते.

तीन माणसे मागे बसणार असतील तर मधल्या माणसाची कसून तपासणी करावी. मधली बैठक उंच आणि कडक असते का, पायाजवळ उंचवटा किती आहे, मध्ये डोक्याचा आधार आणि तीन टोकांचा पट्टा आहे का, या गोष्टी प्रत्यक्ष बसूनच कळतात. टायगुन आणि कुशाक यांचा पुढच्या आणि मागच्या चाकांमधला पल्ला (व्हीलबेस) २६५१ मिमी आहे, म्हणजे क्रेटाच्या २६१० मिमीपेक्षा जास्त. तरीही तिघांच्या खांद्यांना कोणत्या गाडीत जास्त जागा मिळते याचे उत्तर या आकड्यांत नाही, कारण खांद्यांचा प्रश्न रुंदीचा असतो. तिघांना एकदम बसवून दार लावून पाहावे.

सरकणारे मोठे काचेचे छत आज प्रत्येकाला हवे असते. त्याच्या यंत्रणेने डोक्यावरची काही बोटे उंची जाते, हे उंच माणसाने बसून पाहावे. शिवाय छताच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली उभी राहत असेल, तर पाचोळा कुजून त्या तुंबतात आणि पाणी आतल्या अस्तरात उतरते. छत घ्यायचे असल्यास मेच्या शेवटी त्या नळ्या साफ करून घेण्याची सवय लावावी.

एसीची परीक्षा दुपारी घ्यावी. गाडी काचा लावून अर्धा तास उन्हात उभी करायला सांगावी आणि मागच्या सीटवर गार व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. मागचे झरोके वारा देतात, पण तो बसलेल्याच्या तोंडावर येतो की गुडघ्यांवर, हे बसणाऱ्यालाच विचारावे.

पायरी ४ : सामान

डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगितली जाते. एलेव्हेटची ४५८ लिटर, क्रेटाची ४३३ आणि टायगुन-कुशाकची ३८५ लिटर आहे. ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात बॅटरी डिकीच्या तळाशी येते, त्यामुळे तळ उंच होतो आणि जागा बरीच घटते. आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, नारळांची गोण, पाट आणि दोन बॅगा एकदम न्याव्या लागतात. तेव्हा घरातल्या दोन मोठ्या बॅगा घेऊन जाऊन त्या डिकीत उभ्या-आडव्या ठेवून पाहाव्यात. डिकीचा ओठ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे, कारण गोण उचलून तेवढ्या उंचीवर न्यावी लागते. जादा चाक (स्टेपनी) तळाखाली आहे का आणि ते पूर्ण आकाराचे आहे की अरुंद तात्पुरते, हेही पाहून घ्यावे. अरुंद चाकावर ताशी ८० किमीची मर्यादा असते. रात्री चोर्ल्याला चाक फुटले तर ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

पायरी ५ : सुरक्षितता

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि वाचकांनीही घालवावा, अशी विनंती आहे.

भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने अंशतः समोरासमोर आदळवतात, ५० किमी वेगाने बाजूने अडथळा आदळवतात आणि वरच्या दर्जाच्या ताऱ्यांसाठी २९ किमी वेगाने खांबावर बाजूची धडकही घेतात. प्रौढांच्या सुरक्षेसाठी कमाल ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी कमाल ४९ गुण असतात. पाच तारे मिळायला प्रौढ विभागात किमान २७ आणि मुलांच्या विभागात किमान ४१ गुण लागतात. टाटा कर्व्हला या योजनेत पाच तारे मिळाले आहेत. टायगुन आणि कुशाक यांना २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सुधारित धडक-चाचणीत प्रौढ आणि मुले दोन्हींसाठी पाच तारे मिळाले होते.

तारे वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, चाचणी कोणत्या वर्षी आणि कोणत्या नियमांनुसार झाली ते पाहावे. २०२२ च्या आधीचे ग्लोबल एनकॅपचे तारे आणि नंतरचे तारे यांची तुलना करता येत नाही. दुसरी, तारा संपूर्ण नावाला दिलेला असला तरी आपण घेतो त्या प्रकारात तीच साधने आहेत का ते तपासावे. तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. समोरच्या धडकेच्या चाचणीत प्रौढ पुतळे पुढच्या दोन सीटवर बसवतात आणि मागे मुलांचे पुतळे बसवतात. मागे बसलेल्या आई-वडिलांना धडकेत काय होईल, हे त्या ताऱ्यांत मोजलेलेच नाही. म्हणून मागच्या सीटची सुरक्षितता आपल्यालाच तपासावी लागते.

ती अशी तपासावी. मागच्या तिन्ही जागांवर तीन टोकांचा पट्टा आणि डोक्याचा आधार असावा आणि तो आधार बसणाऱ्याच्या कानाच्या पातळीपर्यंत वर येऊन तिथे अडकून राहावा. बाजूच्या पडदा-एअरबॅग मागच्या खिडकीपर्यंत पोहोचतात का ते विचारावे. पट्टा लावून पाहावा: खांद्यावरचा भाग ठेंगण्या माणसाच्या गळ्याला घासत नाही ना आणि कमरेचा भाग पोटावर न येता ओटीपोटाखाली हाडावर बसतो ना, हे पाहावे. साडी नेसलेल्या बाईला पट्ट्याचे कुलूप सीटच्या खाचेत सापडत नसेल, तर ती पट्टा लावणारच नाही. आईला हे कुलूप एका हाताने लावता आले तेव्हा मला बरे वाटले, कारण आधीच्या गाडीत ते सीटच्या फटीत बुडलेले असे आणि ती "राहू दे" म्हणत असे.

मुलांसाठी आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवण्याचे, हूक आणि सीटच्या पाठीवरचा वरचा अडकवण्याचा बिंदू, दोन्ही हवेत. घरची चाइल्ड सीट दुकानात न्यावी, स्वतः बसवावी आणि हलवून पाहावी. नीट बसली असेल तर ती पायथ्यापाशी फारशी हलत नाही. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून असावी आणि ती चालू एअरबॅगच्या समोर, पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसीट न लावल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आली आहे. दंडापेक्षा मुलाची हाडे महत्त्वाची आहेत, हे सांगण्याची खरे तर गरज नाही, पण आजही आपल्याकडे मूल मांडीवर घेऊन पुढे बसलेली माणसे दिसतात.

साधनांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सर्वांत आधी मागावे, कारण ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की ते एकेका चाकाला ब्रेक लावून तिला रेषेत ठेवते. सहा एअरबॅग असाव्यात. मागची काच पुसणारा वायपर आणि काचेवरचे धुके घालवणारी तार आपल्या पावसाला अत्यावश्यक आहेत. दोन लाख वाचवण्यासाठी खालचा प्रकार घेताना यांतली काही साधने गळू शकतात. चालकाला सावध करणाऱ्या एडास प्रणालीबद्दल माझे मत मध्यम आहे. अचानक गुरे किंवा स्कूटर समोर आली की आपोआप ब्रेक लावणारा भाग उपयोगी आहे, पण पट्टे नसलेल्या अरुंद रस्त्यांवर मार्गिका सांभाळणारा भाग काम करत नाही आणि चिखलाने कॅमेरा किंवा रडार झाकले गेले की सूचना देऊन तो बंद पडतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापूर्वी आपला रस्ता आठवावा.

हेडलाइटची परीक्षा रात्री केल्याशिवाय होत नाही. संध्याकाळी सातनंतरची चाचणी फेरी मागावी. दिवे नसलेल्या गावरस्त्यावर वळणाच्या आतल्या बाजूला प्रकाश पोहोचतो का, डाव्या कडेने चालणारा माणूस लांबून दिसतो का आणि पांढरा प्रखर प्रकाश पावसात डोळ्यांवर परत येतो का, हे पाहावे.

पायरी ६ : आपल्या रस्त्यावर चाचणी

दुकानाच्या भोवतीची फेरी नाकारावी आणि किमान तासाभराची फेरी, घरच्या माणसांसह, मागावी. निघण्यापूर्वी चारही टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीत दिलेल्या दाबाइतकी करून घ्यावी. चाचणीच्या गाडीत हवा जास्त असते तेव्हा गाडी उगाच कडक वाटते आणि कमी असते तेव्हा खोटी मऊ वाटते. टायरचा आकारही पाहावा. मोठ्या चकचकीत चाकांवर टायरची भिंत बुटकी असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका जास्त लागतो आणि टायर महाग पडतो.

आम्ही जो मार्ग घेतला तो असा होता. सुरुवातीला म्हार्दोळकडच्या वाड्यांतली वाट, जिथे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत आणि समोरून बस आली की आरसे मिटून मागे यावे लागते. इथे गाडीची रुंदी, मागे वळून दिसणारी बाजू आणि कॅमेऱ्याची स्पष्टता कळते. मग बाणस्तारीवरून जुने गोवे आणि तिथून दिवाडीची फेरीबोट. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीचा फळा यांच्यात खोल कोन तयार होतो आणि लांब नाक असलेल्या गाडीचा पुढचा बंपर तिथे हमखास घासतो. एलेव्हेटचा तळ जमिनीपासून २२० मिमी उंच आहे आणि क्रेटाचा १९० मिमी, पण फेरीबोटीवर बंपरची ठेवणही तितकीच मोजावी लागते. आमची एक पसंतीची गाडी याच जागी गळली. मी खिडकीतून वाकून पाहत होतो, फळ्यावर पुढची चाके चढली आणि खालून प्लास्टिक खरवडल्याचा लांब आवाज आला. तळाच्या उंचीचा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हेही विचारून घ्यावे.

तिसरा टप्पा घाटाचा. मोल्यावरून अनमोड किंवा केरीवरून चोर्ला, जो जवळ असेल तो. चढावर तीन-चार माणसे बसलेली असताना एसी चालू ठेवून पुढच्या ट्रकला ओलांडायला ताकद पुरते का, हे चालकाने पाहावे. त्याच वेळी मागे बसलेल्या मुलाला कसे वाटते, हे घरातल्या दुसऱ्याने पाहावे. अंगाने झुलणारी मऊ गाडी शहरात छान वाटते आणि वळणांवर मुलाला ओकारी आणते. कडक गाडी वळणात स्थिर असते, पण गतिरोधकावर आजीच्या कंबरेला धक्का देते. या दोन्हींमधला आपल्या घराला मानवणारा तोल केवळ मागच्या सीटवरच कळतो, म्हणून परतीचा निम्मा रस्ता मी स्वतः मागे बसलो आणि बायकोने गाडी चालवली.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ताशी ८० किमी वेगात मागे-पुढे बसलेल्यांनी नेहमीच्या आवाजात बोलून पाहावे. पत्रादेवी ओलांडून सिंधुदुर्गात गेले की काँक्रीटचा रस्ता लागतो, तिथे टायरचा आवाज वाढतो. सर्व गाड्यांची तुलना एकाच रस्त्यावर आणि एकाच वेगात केली तरच तिला अर्थ आहे.

पायरी ७ : किमतीचा कागद

दुकानातली किंमत आणि रस्त्यावरची (ऑन-रोड) किंमत यांत मोठे अंतर असते. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागावी: शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि हाताळणी शुल्क. दहा लाखांवरील गाडीवर घेतला जाणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला कर) हा आयकरात परत जुळवता येतो, त्यामुळे त्याची पावती जपावी. पहिल्या गाडीच्या वेळी एका विक्रेत्याने मला सांगितले होते की दुकानातूनच विमा घेतला नाही तर गाडी मिळायला उशीर होईल. ग्राहकाला विमा कंपनी निवडण्याची मोकळीक आहे. दोन ठिकाणचे दर कागदावर आणल्यावर दुकानातला दरही खाली येतो, हा माझा अनुभव आहे.

विम्यात आपल्या हवामानासाठी दोन जास्तीची संरक्षणे (ॲड-ऑन) हवीत. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) घेतले नाही तर प्लास्टिक आणि रबरी भागांच्या भरपाईत निम्मी रक्कम कापली जाते. इंजिन संरक्षण हवे, कारण साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी शिरल्यास साधा विमा बहुधा ते नुकसान देत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, हेही घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवावे. विम्याच्या हिशोबात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्म्याने घटवली जाते. तेव्हा चकचकीत वरच्या प्रकारासाठी मोजलेले जास्तीचे तीन लाखही त्याच वेगाने झिजतात.

तळाला गंजरोधक लेप देण्यासाठी दुकानात आग्रह होतो. कारखान्यातला लेप पुरेसा असतो. घाईने फवारलेला लेप दारांच्या खालची पाणी निचऱ्याची भोके बुजवू शकतो. कळंगुट किंवा काणकोणच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी त्या पैशांत महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने गाडी धुऊन घ्यावी. सेवाकेंद्र किती दूर आहे, तिथे गाडी देण्यासाठी किती दिवस थांबावे लागते आणि आपल्या गावातल्या दोन मालकांचा अनुभव काय आहे, हे विचारायला अर्धा दिवस काढावा.

पायरी ८ : ताबा घेताना

पैसे पूर्ण भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाच्या उजेडात पाहावी. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असते. चेसिस क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवावा. टायरच्या भिंतीवर चार अंकांचा आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर जवळपास एकाच काळातले असावेत. गाडी आवारात महिनोन्‌महिने पावसात उभी राहिली असेल तर त्याचा वास आत येतो. तळावरचे गालिचे बोटांनी उचलून खाली हात लावावा आणि सीटच्या लोखंडी रुळांवर गंजाचा पिवळा ठिपका आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. शेवटी दारे-काचा लावून पाण्याचा पाइप दहा मिनिटे छतावर आणि मागच्या दाराच्या कडेवर सोडायला सांगावे आणि मग डिकीचा तळ उचलून स्टेपनीच्या खळग्यात ओल आली आहे का ते पाहावे. आमच्या गाडीत तिथे चमचाभर पाणी आढळले. मागच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात दुमडले होते. ते बदलून, पुन्हा पाणी मारून खळगा कोरडा दिसल्यावरच मी कागदांवर सही केली आणि मग आईला फोन करून गाडी घेऊन निघत असल्याचे सांगितले.